डब्यातलं टूना सॅलड: पाणी सुटतं, वास येतो, मेयोनीज गोड लागतं. तुम्ही कसं करता?

अंबड पहिली पाळी

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत कामाला आहे, सध्या पहिली पाळी. सव्वासहाला घर सोडतो, जेवणाची सुट्टी साडेअकराला. जिम सुरू केल्यापासून अंडी आणि चिकनच्या जोडीला डबाबंद टूना आणायला लागलो. आमच्या घरी मासे शिजत नाहीत, आई माळकरी आहे. टिन मात्र गॅलरीतल्या टेबलावर, वेगळ्या भांड्यांत कालवतो, त्याला तिची ना नाही.

सध्या असं करतो: मिठाच्या पाण्यातला टूना, कांदा, टोमॅटो, काकडी, बिनअंड्याचं मेयोनीज, मिरपूड. करून लगेच खाल्लं की छान लागतं. डब्यात मात्र सुट्टीपर्यंत तळाला पाणी साचतं, पाव लिबलिबीत होतो आणि झाकण उघडलं की अख्ख्या टेबलाला वास. मेयोनीजचा गोडसरपणाही नको वाटतो.

तर पाणी सुटू नये म्हणून काय करता? मेयोनीजऐवजी काय? परदेशी कृतींत सगळीकडे सेलरी असते, तिच्याऐवजी आपल्याकडचं काय चालेल? आणि आठवड्यातून किती वेळा खाल्लेलं बरं?

गोदाकाठ

टोमॅटो बंद कर आणि मेयोनीजच्या जागी चक्का लाव. अर्धं काम तिथेच होईल. बाकीचं इंदिरानगरच्या काकू सांगतील, त्या डबे देतात.

डबेवाल्या काकू, इंदिरानगर

आले रे. तुझ्या वयाची मुलं माझ्याकडून डबा नेतात, म्हणून अरेतुरे करते. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे मासा म्हटलं की माझ्याने थोडक्यात लिहवत नाही. सवडीने वाच.

पहिली गोष्ट चवीची नाही, पण तीच आधी सांगणार. सव्वासहा ते साडेअकरा म्हणजे सव्वापाच तास. कालवलेला मासा बाहेरच्या हवेत दोन तासांच्या वर ठेवायचा नाही. ऊन ३२ अंशांच्या वर गेलं की एकच तास. आपल्याकडे मार्चपासून काय ऊन असतं ते तुला सांगायला नको. म्हणून रात्री अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली फ्रीजरला लाव, पूर्ण भरू नको, बर्फ फुगतो. सकाळी जाड अस्तराच्या पिशवीत डबा त्या बाटलीला चिकटवून ठेव. डबा स्टीलचा घे, गारवा लवकर लागतो. कॅन्टीनमध्ये फ्रीज असेल तर गेल्या गेल्या त्यात टाक. आणि हे दोन्ही जमत नसेल त्या दिवशी टिन न उघडताच घेऊन जा. कडीचं झाकण असतं, तिथेच उघड, तिथेच कालव. बंद टिनाला गारवा लागत नाही, मासा आत शिजवून निर्जंतुक केलेला असतो.

आता पाणी. तू म्हणतोस तळाला पाणी साचतं. ते तीन ठिकाणांहून येतं आणि तिन्ही वेगवेगळी बंद करावी लागतात.

एक, खुद्द मासा. १८५ ग्रॅमच्या टिनातून निथळल्यावर १३० ग्रॅमच्या आसपास मासा हाती लागतो, बाकी सगळं पाणी. नुसतं झाकण दाबून ओतलं की बरंच पाणी आतच राहतं. टूना बारीक चाळणीत काढ, वरून वाटीच्या बुडाने दाब, मग धुतलेल्या सुती फडक्यात घेऊन पीळ. बोटांनी चोळल्यावर तो मोकळा सुटला पाहिजे, पाकळी पाकळी वेगळी दिसली पाहिजे. बोटाला लगदा चिकटत असेल तर अजून पीळ. हात आखडता घेऊ नको, माशाला काही होत नाही. कोरडा मासाच पुढे चक्का धरून ठेवतो, ओला मासा त्याला सोडून देतो. फडकं मात्र ह्याच कामाचं वेगळं ठेव आणि लगेच गरम पाण्यात धू.

दोन, भाजी. काकडी, कांदा, टोमॅटो यांना मीठ लागलं की पाणी सुटणारच, कोशिंबिरीत रोज बघतो आपण. आणि तुझा मासा तर खारवलेलाच आहे. टोमॅटो हवाच असेल तर अख्खा ने, तिथे चिरून खा. काकडीच्या बिया चमच्याने खरवडून काढ, बारीक चिरून चिमूटभर मीठ लाव, पंधरा मिनिटांनी घट्ट पिळून घे. कांद्याचं म्हणशील तर आपण नाशिककर नशीबवान. चाळीत, म्हणजे शेतातल्या कांदा साठवायच्या कोठारात, राहिलेला उन्हाळ कांदा मिळतोय तोवर तोच घे, तो कोरडा असतो. दिवाळीच्या पुढेमागे लाल कांदा सुरू होतो, तो ओला, त्याला पाणी फार. तो चिरून दहा मिनिटं फ्रीजच्या पाण्यात ठेव, उग्रपणा उतरतो, मग फडक्यात दाबून कोरडा कर.

तीन, मेयोनीज किंवा दही. पातळ दही चालायचंच नाही.

सेलरीसाठी हळहळू नको. तिचं काम फक्त कुरकुरीतपणाचं आणि थोड्या हिरव्या वासाचं. त्या जागी नवलकोल घाल. सोलून अगदी बारीक फोडी कर. पाणी सुटत नाही म्हटलं तरी चालेल आणि दुपारपर्यंत दाताखाली कुरकुर लागते. नवलकोल नसेल तर कोबीचा दांडा, जो आपण टाकून देतो तो, वरची जून साल काढून. कांद्याच्या पातीचा पांढरा भागही चांगला. हिरव्या वासासाठी कोथिंबिरीचे कोवळे देठ घाल, पानं नको, पानं काळी पडतात.

आता मेयोनीज. पारंपरिक मेयोनीज म्हणजे अंड्याच्या बलकात तेल घोटून केलेलं, त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास तेलच असतं. बिनअंड्याच्या बाटल्यांत बहुतेक वेळा साखर आणि स्टार्चही असतं, म्हणून तुला गोड लागतं. घरी कच्च्या अंड्याचं करून डब्यात नेऊ नको. तमिळनाडूने २०२५च्या एप्रिलमध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली ती याच धोक्यामुळे.

चक्का कर. सायीच्या दुधाचं दही रात्री फडक्यात बांध, चाळणीवर ठेव, खाली भांडं आणि सगळं फ्रीजमध्ये. बाहेर टांगलं तर आंबट होतं, श्रीखंडाला ते साखरेत लपतं, इथे लपणार नाही. एका टिनाला चक्का तीन मोठे चमचे. नुसता चक्का कोरडा लागतो, मेयोनीजचा तेलकट मऊपणा त्यात नसतो, म्हणून घाण्याचं शेंगदाणा तेल एक छोटा चमचा घालून चांगलं फेट. तकाकी आली की झालं.

आणि या सगळ्यावर माझा जीव कशावर असेल तर फेसलेल्या मोहरीवर. परदेशी कृतीत बाटलीतली मोहरी घालतात, तिची आपल्याला गरज नाही. लोणच्याची मोहरीची डाळ एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ, दोन चमचे थंड पाणी, आणि खलबत्त्यात नाहीतर मिक्सरच्या लहान भांड्यात फेसायचं. रंग पिवळट पांढरा होतो, वर बारीक फेस येतो आणि वाकून वास घेतलास की झिणझिण्या थेट कपाळात जातात. तिथे थांबायचं. झाकून दहा मिनिटं ठेव. पाणी गरम घेऊ नको, गरम पाण्याने मोहरी चढत नाही, कडू मात्र होते. लिंबू नंतर पिळ, आधी पिळलंस तर झणका पुरता येत नाही. अर्धा चमचा ही मोहरी चक्क्यात मिसळ, मेयोनीजची आठवणही येणार नाही.

वासाचं उत्तर लिंबातच आहे. माशाच्या वासाचे जे पदार्थ हवेत उडतात त्यांना आंबट लागलं की ते बसतात. म्हणून लिंबू शेवटी वरून नको, पिळलेल्या कोरड्या माशाला आधी चोळून दहा मिनिटं ठेव. मग मिरपूड, बारीक हिरवी मिरची, थोडं आलं. मीठ घालायच्या आधी चाखून बघ, बहुतेक लागणारच नाही.

डबा दोन कप्प्यांचा घे. खाली मासा आणि चक्का, वर कोरड्या भाज्या. सुट्टीत एकत्र कर. पावाला आतून लोणी लाव, चक्का पावात मुरत नाही. मी तर म्हणेन ज्वारीची भाकरी ने. थंड भाकरीवर हे असं काही लागतं की पावाकडे हात जात नाही.

मखमलाबादकर

काकू, सगळं पटलं, पण मासा आणि दही एकत्र? आमच्याकडे आजी असं ताटात वाढूच द्यायची नाही. याच्या आईलाही चालेल का ते बघा.

डबेवाल्या काकू, इंदिरानगर

बरं विचारलंत. चरकसंहितेत दूध आणि मासा एकत्र खाऊ नये असं आहे, आणि घरोघरी ते दह्यापर्यंत पाळलं जातं. माझ्या सासूबाईही पाळत. दुसरीकडे बंगालमध्ये दोई माछ म्हणजे दह्यातला मासा लग्नाच्या पंगतीला असतो. ज्याला पाळायचंय त्याने पाळावं, त्यावर मी वाद घालत नाही. त्यांच्यासाठी फोडणीचं करते, आणि खरं सांगू, डब्यासाठी तेच जास्त चांगलं.

मासा वर सांगितला तसा पिळून, लिंबू चोळून तयार ठेवा. त्यात कांदा, नवलकोल, कोथिंबिरीचे देठ. कढल्यात दोन चमचे शेंगदाणा तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, उभी चिरलेली मिरची. हळद अगदी चिमटीभर. फोडणी पूर्ण गार करूनच ओता. गरम ओतली तर कांदा मऊ पडतो आणि पाणी सुटतं. शेवटी दाण्याचं कूट एक मोठा चमचा, खमंग काकडीला घालतो तसं जाडसर. कुटामुळे राहिलेला ओलावाही ओढला जातो. उन्हाळ्यात लिंबाऐवजी कैरी किसून घाला. घरी ताटात वाढायचं असेल तर ओलं खोबरं घाला, माझ्या माहेरी त्याशिवाय मासा ताटात येत नाही. डब्यात मात्र खोबरं नको, उन्हात ते सगळ्यात आधी खराब होतं.

पोषण सल्लागार, कॉलेज रोड

किती वेळा खावं याचं उत्तर राहिलं, म्हणून लिहिते. टूना मोठा शिकारी मासा आहे, लहान मासे खाऊन त्याच्या अंगात पारा साठत जातो. पण सगळे टूना सारखे नाहीत. डब्यात बहुधा स्किपजॅक जातीचा लहान टूना असतो, त्यात पारा कमी. अल्बाकोर म्हणजे पांढऱ्या मांसाचा टूना, त्यात जास्त. अमेरिकेच्या एफडीए (अन्न व औषध प्रशासन) आणि ईपीए (पर्यावरण संरक्षण संस्था) यांच्या सल्ल्यानुसार गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी कमी पाऱ्याचे मासे सगळे मिळून आठवड्याला दोन ते तीन वेळा खावेत, एका वेळी साधारण ११३ ग्रॅम. स्किपजॅकचा डबा त्यात बसतो. अल्बाकोर आठवड्यातून एकदाच. बिगआय टूना त्यांनी टाळावा. तुम्ही तरुण आहात, आठवड्यातून दोन-तीनदा खायला हरकत नाही. रोज मात्र टूनाच नको, मध्ये अंडी, चिकन, मटकी येऊ द्या. बांगडा, तारली कधी बाहेर खाल्ली तर उत्तमच.

टिन घेताना घटकांच्या यादीत जात लिहिली आहे का बघा. प्रथिनं १०० ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम मिळतात, म्हणजे एका टिनात तुमचं एका जेवणाचं काम होतं. घरात कुणाला रक्तदाब असेल तर मिठाच्या पाण्यातला टूना चाळणीत साध्या पाण्याखाली धुऊन घ्या, बरंच मीठ निघून जातं. मग काकूंनी सांगितलं तसा पिळा. अर्धा टिन उरला तर टिनात ठेवू नका, काचेच्या झाकणाच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

उरणचा, आता पाथर्डी फाटा

डबाबंदच का म्हणून? ताजा टूना म्हणजे आपला कुपा, गेदर. मुंबईहून बर्फातून येतो तेव्हा आपल्या बाजारातही दिसतो. कुणाच्या घरी मासे शिजत असतील तर करून बघा. जाड तुकडे, बुडेल इतकं खारट पाणी, चार मिरी, एक तमालपत्र, मंद आचेवर पंधरा मिनिटं. त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं, मग काटे आणि मधली काळपट लाल पट्टी काढून टाकायची, वास तिलाच जास्त असतो. हाताने पाकळ्या सोडवायच्या. टिनातल्या माशापेक्षा ह्याला गोडवा आहे.

एक मात्र कळकळीने सांगतो. कुपा बर्फाबाहेर राहिलेला घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. उष्णतेत त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज, डोकं ठणकतं. जिभेला मिरीसारखं चुणचुणलं तर घास तिथेच टाकून द्या. मासळीवाल्या मावशींना मासा पुरा बर्फाखालून काढून द्यायला सांगा, वर मांडलेला नको.

अंबड पहिली पाळी

काकू, ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चक्का बांधला, मोहरी आईनेच फेसून दिली, तिचा हात लोणच्याचा. बर्फाची बाटली लावून डबा नेला. तळाला पाणी नाही. वासाबद्दल कुणी काही बोललं नाही, उलट शेजारच्याने भाकरीचा तुकडा बुडवून चव घेतली. पिळल्यानंतर मासा इतका मोकळा होतो हे माहीतच नव्हतं. उद्या फोडणीचं करतोय.

अजून एक विचारू का? तेलातला एक टिन पडून आहे, त्याचं काय करू? आणि रोज एकच चव नको, अजून काय काय करता?

डबेवाल्या काकू, इंदिरानगर

आईने मोहरी फेसून दिली हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

तेलातला टिन कडधान्यासाठी ठेव. इटलीत टूना आणि पांढऱ्या घेवड्याच्या बियांचं सॅलड करतात, त्यात मेयोनीज नसतंच, फक्त ऑलिव्ह तेल आणि लाल कांदा. मी आपल्या चवळीचं करते. चवळी बोटचेपी शिजवायची, फुटू द्यायची नाही, पाणी पूर्ण निथळून पंख्याखाली कोरडी करायची. मग त्यात तेलातला टूना, चिरलेला कांदा, लिंबू, जाडसर मिरपूड. इथे मासा जोरात पिळू नको, थोडं तेल राहू दे, चवळीला तेच लागतं. पोट भरतं आणि पावाची गरज पडत नाही. जिमवाल्यांनी तर हेच करावं.

बटाटा घातलेलंही चांगलं लागतं. फ्रान्समधल्या नीस शहराचं सॅलड प्रसिद्ध आहे, टूना, अंडं, ऑलिव्ह, टोमॅटो. तिथली जुनी माणसं त्यात उकडलेला बटाटा घालू देत नाहीत, उकडलेली भाजी म्हटली की भांडतात. पण आपण नीसमध्ये नाही. उकडलेलं अंडं आणि बटाटा दोन्ही घाल, वर फेसलेली मोहरी.

भात खात असशील तर जपानी तऱ्हा बघ. तिथे भाताच्या मुठीत टूना-मेयोनीज भरतात, सेव्हन इलेव्हन या दुकानांनी १९८३मध्ये ती विकायला आणली आणि आज ती घरोघरची झाली आहे. मी आंबेमोहोराच्या मऊ भातात चक्क्याचा टूना भरते, हात ओला करून वळते, बाहेरून भाजलेले तीळ. ही डब्यात मात्र अगदी गार राहिली पाहिजे, भातही उन्हात टिकत नाही.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, द्राक्षं आली की, द्राक्षाचं कर. परदेशातही टूनात द्राक्षं घालतात, पण आपल्याकडे ती पिंपळगाव-निफाडहून सकाळी तोडलेली मिळतात. कडक, हिरवी, किंचित आंबट असतानाची घे, पूर्ण पिकलेली नको. उभी अर्धी कापायची आणि चिरलेली बाजू कागदावर पालथी ठेवायची म्हणजे रस निघून जातो. चक्का, फेसलेली मोहरी, नवलकोल, द्राक्षं, वरून भाजलेले काजूचे तुकडे. मोहरीचा झणका आणि मागोमाग द्राक्षाचा गार आंबटगोडपणा. माझ्याकडे डबा घेणाऱ्या मुली द्राक्षाच्या दिवसांत हेच मागतात, दुसरं काही नको म्हणतात.

द्राक्षं धुवायचं विसरू नको. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग वाहत्या पाण्याखाली चोळून, आणि कापण्याआधी पूर्ण कोरडी.

गोदाकाठ

काकू, द्राक्षाच्या सॅलडची ऑर्डर घेता का? आमच्या ऑफिसचे सहा डबे पक्के समजा.

डबेवाल्या काकू, इंदिरानगर

घेते की. आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा, चक्का रात्री बांधावा लागतो. आणि दह्याचं की फोडणीचं ते प्रत्येकाला विचारून कळवा.